बिहीच्या झाडाविषयी मागवलेली माहिती

३ फेब्रुवारी

महोदया,

तुझं पत्र मिळालं. टाईप केलेलं, वर जावक क्रमांक, खाली संस्थेचा गोल शिक्का. "महोदया, आपल्या रोपवाटिकेच्या आवारात बिहीचे पूर्ण वाढलेले झाड असल्यास त्याची लक्षणे सोबतच्या मुद्द्यांप्रमाणे कळवावीत." मी कागद उलटासुलटा करून पाहिला, मागे हाताने काही खरडलंय का ते. काही नाही. सही तेवढी तुझी. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड अजून गेलेली नाही.

बाबा गेल्यावर तू इथून निघालीस ती निघालीसच. कुठे आहेस, काय खातेस, ताकास तूर लागू दिली नाहीस. वनस्पतींची चित्रं काढायची नोकरी लागली हेसुद्धा मला रोपं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. आणि आता एकदम 'महोदया'! अगं, जिने तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या तिला महोदया म्हणतात होय? काकू लिहिलं असतंस तर तुझ्या संस्थेचं काय बिघडलं असतं?

आणि 'असल्यास' काय म्हणून? झाड आहे, हौदामागे, होतं तिथेच. ते कसं आलं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

असो. मुद्दा पहिला, झाड की झुडूप. लिहून घे: दोन्ही. मोकळं सोडलं तर बुडातून चार-पाच खोडं काढून झुडपासारखं पसरतं. एक खोड ठेवून बाकीचे फुटवे कापत राहिलं तर झाड होतं, तेही ठेंगणं. फळं काढायला शिडी लागत नाही, स्टूल पुरतं. फांद्या वेड्यावाकड्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. सध्या अंगावर पान नाही म्हणून सगळा वाकडेपणा उघडा पडलाय. कोवळ्या फांदीवर राखाडी लव असते, पुढे ती झडते आणि फांदी काळपट, गुळगुळीत होते. जुन्या खोडाची साल पापुद्र्यांनी सुटते, खाली नारिंगी-तपकिरी रंग दिसतो. काटे नाहीत. हे विचारायची गरज नव्हती, त्या झाडात अख्खी दुपार घुसून बसायचीस तू.

पान, फूल, फळ, बी हे मुद्दे रिकामे सोडते आहे. समोर दिसतं तेवढंच लिहायचं, अंदाजपंचे काही नाही, हे तुझ्या बाबांनी तुलाही शिकवलं आणि मलाही. पान फुटलं की कळवते.

माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या मुद्द्यांत नाही.

आपली विश्वासू (तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते),
काकू


२८ मार्च

भिंगरीस,

उत्तर आलं! "आपले पत्र पावले. माहिती उपयुक्त आहे. पानांविषयीचा तपशील प्रतीक्षेत." प्रतीक्षेत! कोण प्रतीक्षेत आहे ते लिहिलं नाहीस, पण मी काय समजायचं ते समजले. माळीदादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, हे सरकारी आहे हो." मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं? तू छाटणी कर."

तर पान. लांबट गोल, टोकाला जरा निमुळतं, फांदीवर एकाआड एक. मुख्य खूण म्हणजे कडेला दात नाहीत. सफरचंद, नासपती ही सगळी हिची भावंडं, त्यांच्या पानांच्या कडा करवतीसारख्या. हिचं पान कडेनं साफ. वरून गर्द हिरवं आणि खालून पांढरट, लोकरी. अंगठ्यानं चोळलं तर ती लोकर गोळा होऊन येते. कोवळी पानं तर दोन्हीकडून लवदार असतात. देठ आखूड, देठाशी दोन चिमुकली उपपर्णं. ती लवकर गळतात, तेव्हा चित्रात घालायची असतील तर आत्ताच बघायला हवीत.

कलमांचे दिवस आहेत, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. खुंटांच्या जुड्या ओल्या पोत्यांत, स्टोव्हवर मेणाचं पातेलं, बाकावर रबराच्या पट्ट्या पसरलेल्या. माझ्या बोटांना मेणाचा वास चिकटलाय, साबणानं जात नाही. तुझ्या साहेबांना कळावं म्हणून लिहिते: आम्ही बिही हजारांनी लावतो, पण झाड म्हणून नाही. तिच्या मुळावर नासपती चढवायची. तिच्या मुळावर नासपती ठेंगणी राहते आणि लवकर फळते. वर बांधलेला नासपतीचा डोळा, म्हणजे कळी, धरला की बिहीचा शेंडा उडवायचा, बुडातून फुटवा आला की तोही उडवायचा. गिऱ्हाईक नासपती म्हणून झाड घेऊन जातं. खाली कोण आहे हे कुणी विचारत नाही.

आणि काही नासपतींचं बिहीशी थेट पटत नाही. त्यांच्या मधे दोघींशी पटणाऱ्या तिसऱ्या जातीचा बोटभर तुकडा घालावा लागतो. तुझे बाबा तुला हे दहादा सांगत होते. पण तू पडलीस हट्टी. "मधे तिसऱ्याचं काय काम?" म्हणून तू तुझं पहिलंवहिलं कलम सरळ बिहीवर बांधलंस. पालवलं तेव्हा केवढी नाचलीस! बाबा म्हणाले, वर बांधलेली काडी आपल्याच रसावर आठवडेच्या आठवडे हिरवी राहते, जोड लागलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. पण ते वाढलं, फळलंसुद्धा, आणि तू त्यांना वाकुल्या दाखवत फिरलीस. मग तू कॉलेजात असताना ते वादळ आलं. सकाळी बघतो तर झाड जोडावर सुरीनं कापल्यासारखं तुटून पडलेलं. इतकी वर्षं वरच्या लाकडाचं खालच्याशी जुळलंच नव्हतं. बाबा म्हणाले, मूळही काढून टाका. मी म्हटलं, राहू द्या, मुळाचा काय दोष? त्या मुळातून जे वर आलं ते हे बिहीचं झाड. आमच्या आवारात फुलायची परवानगी मिळालेली एवढी एकच.

हे संस्थेच्या नोंदीत घालू नकोस, लोक हसतील.

काकू


११ मे

भिंगरी,

फुललं. हातातलं काम टाक आणि ये.

मुद्दा: फुलोरा. फुलोरा नाहीच. एका फांदीच्या टोकाला एकच फूल, आणि तेही आधी पानं येऊन गेल्यावर. नासपती उघड्या फांद्यांवर घाईघाईनं फुलते आणि थंडीचा शेवटचा तडाखा खाते. ही बया सगळ्यांचं उरकल्यावर सावकाश उठते. कळी पिळलेली असते, ओली छत्री मिटून गुंडाळावी तशी, वर गुलाबी रेघा. उघडली की पाच पाकळ्या, पांढऱ्या, कडेला गुलाबी झाक. पुंकेसर वीसेक. मधे पाच कुक्षीवृंत, बुडाशी लोकर. खालची पाच हिरवी निदलं मागे वळलेली, तीही लवदार. झाड एकटं असलं तरी फळ धरतं, शेजारी दुसरं लागत नाही.

हे मी लिहिलं खरं, पण यावरून चित्र काढायचं नाही. फोटोवरूनही नाही. फोटोत पान कुठून वळलंय ते कळत नाही, असं तूच म्हणायचीस. तुझी खोली आहे तशीच आहे. म्हणजे, बियाण्यांच्या पिशव्या ठेवल्यात तिथे, पण त्या मी आजच उचलते. टेबल खिडकीशी ओढून ठेवलंय, तुला डावीकडून उजेड लागतो ना.

तुझ्या आईकडे राहतेस असं ऐकलं. बरं झालं. ती घर सोडून गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, तिच्यामागून मी या घरात आले; आता ती परत आली आणि तुला तिच्याकडे जावंसं वाटलं तर जावंच माणसानं. मी कधी नको म्हटलं? एका शब्दानं म्हटलं? पण बाई गं, बॅग हातात धरून, दारात उभी राहून तू म्हणालीस, "बाबा होते तोवर ठीक होतं, काकू. आता तुमचं-माझं नातं तरी काय?" आणि मी म्हटलं, "दार लावून घे, वारा येतोय." त्यावरून तू काय समजलीस ते तुझं तुला माहीत. वारा खरंच येत होता.

एकदा ये. मुक्काम नको करूस. नात्याचं काही बोलायचं नाही, तू चित्र काढ, मी शेडमध्ये असेन. मला नुसतं तुला घरात वावरताना ऐकायचंय. फुलं आठवडाभर राहतील, वारा सुटला तर तेवढीही नाहीत.

काकू


२२ जुलै

भिंगरी,

फुलं गळून गेली. मी फाटकाकडे डोळे लावून बसले होते असं काही नाही. फाटक रस्त्यातच आहे, नजर जाते.

तुझं टाईप केलेलं उत्तर आलं तेव्हा मी आधी रागावून ते मेणाच्या डब्याखाली ठेवून दिलं. "फुलांचा तपशील मिळाला. प्रत्यक्ष भेट तूर्त शक्य नाही." म्हटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. मग दुसऱ्या दिवशी पुढची ओळ वाचली. "कृपया कळवावे: झाडाखाली एका माणसाला बसण्याइतकी सावली पडते काय?"

मी हसायलाच लागले. हा मुद्दा कुठल्या वनस्पतिशास्त्रात असतो? तुझी मूळ यादी काढून पाहिली, त्यात नाही. ही तू आहेस. तू हे असंच आडून विचारायचीस. ताप आला की म्हणायचीस, "काकू, तुम्हाला झोप नाही का येत?" म्हणजे मी उठून तुझ्याजवळ येऊन बसावं. सरळ 'या' म्हणशील तर शपथ. माळीदादाला म्हटलं, बघ, आता बोल सरकारी! तो खुरपं उचलून निघून गेला, त्याला आवडत नाही हरायला.

तर सावली पडते. फांद्या खाली झुकलेल्या असतात म्हणून वाकून आत शिरावं लागतं, पण एकदा शिरलं की मस्त बसता येतं. मी तिथे फळांचा एक खोका पालथा घालून ठेवलाय. दुपारचा चहा हल्ली तिथेच घेते. खोका दोघींना पुरतो.

बाळफळं धरली आहेत. अंगभर राखाडी लोकर, स्वेटर घातल्यासारखी. फळाच्या टोकाला फुलाची हिरवी निदलं तशीच राहतात, लहान पानांसारखी, पिकेपर्यंत गळत नाहीत. देठ जवळजवळ नाहीच, फळ फांदीलाच चिकटलेलं. म्हणून वाऱ्यात हलत नाही, पडतही नाही.

एक सांगू? हे सगळं मला पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं. पान, फूल, फळ, बी, डोळे मिटून येतं मला. पण मग तू 'आभारी आहोत' असं टाईप करून फाईल मिटली असतीस. तुझ्या बाबांचं ते 'समोर दिसतं तेवढंच लिहावं' माझ्या चांगलं कामाला आलं. रागावू नकोस.

काकू


१७ ऑक्टोबर

माझ्या भिंगरी,

"फळ पिकल्याचे कसे ओळखावे, हाताने की नाकाने?" काय बाई प्रश्न एकेक! तुझ्या साहेबांना दाखवतेस का गं ही पत्रं? तुझी नोकरी जायची.

दोन्हींनी ओळखायचं. आधी हातानं: पिकत आलं की अंगावरची लव सुटायला लागते, अंगठा फिरवला की खालून पिवळाधमक रंग निघतो. मग नाकानं. एक फळ खोलीत ठेवलं तर कपाटातले कपडेसुद्धा वासाला लागतात. आकार धड सफरचंद नाही, धड नासपती नाही, गाठीगाठींचा. दिसायला इतकं गोड की कुणालाही दात लावावासा वाटावा, आणि लावला की गेलीच अब्रू. कडक, आंबट, तुरट, तोंड आवळून टाकतं. एवढी मोठी झालीस तरी तू माझं न ऐकता चावलीस आणि आवळल्या तोंडानं "आवललं! आवललं!" करत शेडभर पळालीस, आठवतं? गरात बारीक खडे असतात, वाळूसारखे दातांत येतात. साखरेत टाकून मंद आचेवर शिजवत राहायचं. पांढरा गर आधी गुलाबी होतो, मग लाल. वरून काही घालायचं नाही, रंग त्याचा त्यालाच येतो.

बियांचा मुद्दा: आत पाच कप्पे. सफरचंदाच्या कप्प्यात दोन बिया, हिच्यात दोन भरगच्च ओळी, चिकानं एकमेकींना चिकटलेल्या. पाण्यात टाकल्या की त्या चिकाचं पाणी घट्ट होतं.

मी फळं उतरवलेली नाहीत. दरवर्षी याच सुमारास उतरवते, यंदा ठेवली आहेत. फांदीवरचं फळ काढायचं असेल ना तुला? टेबलावर ठेवलेलं फळ आणि फांदीवरचं फळ यात फरक असतो. माळीदादा कपाळावर हात मारतो. "वहिनी, गारठा पडला की आतून काळी पडतील." मी म्हटलं, पडू देत. आजवर इतकी फळं विकली, एका वर्षाची पडली काळी तर कुणी उपाशी मरणार नाही. ज्या दिवशी तू फाटकातून आत येशील त्या दिवशी झाड भरलेलं दिसायला हवं मला. बस्स.

तू येणार आहेस असं मला वाटतंय. कारण विचारू नकोस. जी मुलगी येणार नसते ती सावलीचं विचारत नाही.

तुझी काकू


१४ नोव्हेंबर

भिंगरी,

परवा पहिला गारठा पडला. हौदावर कागदाइतकी पातळ काच धरली होती.

"प्रत्यक्ष भेट तूर्त शक्य नाही. तथापि झाडाविषयी आणखी काही सांगण्यासारखे असल्यास अवश्य कळवावे." आणखी काही नाही गं. झाड संपलं. बुडापासून बीपर्यंत सगळं लिहून झालं.

तुला येता येत नाही ना, मग मीच येते. मंगळवारी सकाळच्या बसनं निघेन. फळासकट फांदी ओल्या पोत्यात बांधून आणते. तू तुझं काम करत राहा, मी बाजूच्या खुर्चीवर बसेन. तुझ्या आईला सांगितलं नाहीस तरी चालेल. संध्याकाळच्या बसनं परत. मला काही विचारायचं नाही, फक्त बघायचंय तुला.

काकू


मंगळवार, तुझ्या टेबलावरून

भिंगरी,

तुझ्या खुर्चीत बसून लिहिते आहे. तू इथे नाहीस. फेब्रुवारीपासूनच नाहीस.

लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना भिंतीला टेकवलेली कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास. शेवटच्या खोलीत एक वयस्क लेखनिक बसले होते, पातळ केसांचे, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. माझ्या हातातली फांदी पाहिली आणि ते उठून उभेच राहिले. म्हणाले, "काकू?" मला जरा बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं सांगून ठेवलेलं दिसतंय.

त्यांनी खुर्ची दिली, स्वतः जाऊन पाणी आणलं. मी विचारलं, "ती कुठाय?" ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई फेब्रुवारीत रजेवर गेल्या. मे महिन्यात त्यांना मुलगी झाली. नंतर राजीनामाच पाठवला." मी म्हटलं, "मुलगी? लग्न कधी झालं?" ते खाली बघून म्हणाले, "मागच्या वर्षी. ऑफिसातले आम्ही सगळे गेलो होतो." मी म्हटलं, "हो का? छान." मांडीवर फांदी होती. ती कुठे ठेवावी ते मला सुचेना.

"मग पत्रं कोण लिहीत होतं?"

"मी."

त्यांनी फाईल काढली. माझी सगळी पत्रं, तारखेनं लावलेली. पहिलं तू वाचलं होतंस, खिडकीपाशी उभी राहून, असं ते म्हणाले. नंतर त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणालीस, "यातलं झाडाचं तेवढं उतरवून घ्या." तुझ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत त्यावर. खोडाखाली रेघ, सालीखाली रेघ, फुटव्यांखाली रेघ. बाकी कशाखालीच नाही. गुडघ्याखाली नाही. आणि ते 'महोदया' पत्र यादीतल्या सगळ्या रोपवाटिकांना गेलं होतं म्हणे. उत्तर एकट्या माझंच आलं.

पानांचं त्यांनी यादीप्रमाणे मागवलं. फाईल तिथेच पूर्ण झाली, फूल-फळ पुस्तकांतून घेतलं. पुढच्या सगळ्या पत्रांवर सही तुझी नव्हती, 'करिता' लिहून एक गिरगोटा होता. मी तो पाहिला होता गं. मला वाटलं, घाईत असशील.

"आणि सावलीचं?" मी विचारलं.

"ते मीच विचारलं," ते म्हणाले. "घरी मला कुणी नाही. फाईल मिटली असं कळवलं तर तुमचं पत्र येणार नाही, म्हणून काहीतरी विचारत राहिलो. बाईंना ती पत्रं पाठवावीत असं मनात येत होतं, पण पहिल्याच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की पुढची आली तरी मला दाखवू नका."

मी त्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, "लाज नाही वाटली? कुणाच्या घरात डोकावताय? माझी पोर समजून मी तुम्हाला लिहीत होते!" ते म्हणाले, "वाटली. दर वेळी वाटली." मग मला रडू फुटलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात, हमसून हमसून रडले, परक्या माणसासमोर, परक्या खोलीत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभे राहिले. अजून बाहेरच आहेत. त्यांना आत बोलवायला हवं, वयस्क माणूस आहे.

तुझा पत्ता त्यांच्याकडे आहे, देतो म्हणाले. मी नाही घेतला. घेतला तर मी उद्या तुझ्या दारात उभी राहीन, मला माझा भरवसा नाही. हे एवढं पत्र ते तुला पोचवतील. वाच किंवा वाचू नकोस, रेघा मारू नकोस.

एक फळ आत्ता इथे कापून पाहिलं. आतून काळं पडलंय. बिया चांगल्या आहेत, त्या पुसून पुडीत बांधून सोबत देते आहे. थंडीत तुझे ओठ फुटतात. चमचाभर बिया पाण्यात भिजव, अख्ख्या, फोडायच्या नाहीत, आणि वरचा चीक ओठांना लाव. पाजणाऱ्या बाईला आणखीही कुठे चिरा पडतात, तिथेही चालतो, फक्त बाळाला घ्यायच्या आधी धुऊन पुसून घे, तिच्या तोंडात जाता कामा नये. आणि रात्री ती रडली की तुझ्या आईला उठव. जागरणं करू दे तिला थोडी, तिच्या वाटची राहिली आहेत. हे मी चिडून लिहिलं. पण उठव खरंच, एकटी जागू नकोस.

मे महिन्यात मी तुला फुलं बघायला ये म्हणून लिहीत होते आणि तू बाळंत होत होतीस. ते ऐकलं तेव्हा मला राग यायला हवा होता. आधी मनात आलं, कळा फार वेळ होत्या का, आणि नंतर कुणी गरम काही खायला दिलं का. मला तुझी मुलगी बघायची आहे. तुझं-माझं नातं काय म्हणून तू विचारलं होतंस. शब्द मला आजही सापडत नाही, पण बघायची आहे मला ती, आणि तुला बघायचं आहे, आणि दोन्ही होणार नाही हे मला इथे या खुर्चीत बसल्यावर कळलंय.

बसची वेळ झाली. एकच मागते. उत्तर पाठवू नकोस. तू लिहिलंस की दुसऱ्या कुणी, ते मला ओळखता येत नाही, आणि कुणीही लिहिलं तरी मी ते तुझंच समजून पुढच्या वर्षीही फळं झाडावर ठेवीन.

काकू